फोर्कलिफ्टचा गॅस सिलिंडर बदलताना नेमके काय घडते

फोर्कलिफ्टचा गॅस सिलिंडर बदलणे हे सरावलेल्या ऑपरेटरला पाच-सात मिनिटांचे काम वाटते आणि बहुतेक वेळा ते तेवढ्यातच सुखरूप उरकते. जेव्हा ते बिघडते, तेव्हा मुळाशी बहुधा एकच गैरसमज असतो: हा सिलिंडर म्हणजे शेगडीला जोडतात तसाच सिलिंडर, फक्त यंत्राच्या पाठीवर आडवा निजवलेला. दोन्हींतले इंधन जवळपास सारखे असले, तरी त्यांच्यातून बाहेर येते ते सारखे नसते. शेगडीच्या उभ्या सिलिंडरमधून वरच्या भागात साचलेली वाफ बाहेर पडते. फोर्कलिफ्टच्या सिलिंडरमधून थेट द्रव बाहेर येतो. हातमोजे कोणते घालायचे, इंजिन आधी चालू का ठेवायचे, सिलिंडर कोणत्या अंगावर निजवायचा, व्हॉल्व्ह किती सावकाश उघडायचा, या सूचना वरवर सुट्या वाटतात; पण त्यातल्या बहुतेकांचे कारण या एका फरकात सापडते, म्हणून आधी तो नीट पाहू.

या इंधनातला मुख्य वायू म्हणजे प्रोपेन. तो हवेच्या साध्या दाबाला उणे ४२ अंश सेल्सिअसलाच उकळतो. सिलिंडरमध्ये तो द्रव राहतो तो स्वतःच्याच वाफेच्या दाबाखाली. २० अंश तापमानाला हा दाब बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे ७ बार जास्त असतो आणि ४० अंशांना तो १२ ते १३ बारांपर्यंत चढतो. इंधनात ब्युटेन मिसळलेला असेल तर आकडे थोडे खाली येतात. आतली वाफ काढून घेतली की थोडा द्रव उकळून तिची जागा भरून काढतो आणि त्या उकळण्याला लागणारी उष्णता तो स्वतःतून व सिलिंडरच्या पत्र्यातून ओढून घेतो. शेगडीची गरज लहान असल्यामुळे हे खपून जाते. फोर्कलिफ्टच्या इंजिनाला मात्र इतकी वाफ लागते की ती सरळ सिलिंडरमधूनच काढायला गेले, तर सिलिंडर गारठतो, दाब उतरतो आणि ओझे उचलायच्या ऐन वेळी इंजिन अडखळते. म्हणून येथे द्रवच नळीतून इंजिनाजवळ नेतात आणि तेथल्या व्हेपोरायझरमध्ये, इंजिन थंड ठेवणाऱ्या गरम पाण्याच्या उष्णतेवर, त्याची वाफ करतात.

व्यवस्था हुशारीची आहे, पण तिची एक किंमत आहे. सिलिंडरपासून व्हेपोरायझरपर्यंतची नळी द्रवाने भरलेली असते आणि द्रव प्रोपेन मोकळा झाला की त्याचे आकारमान साधारण २७० पट होते. हिशेब करून पाहू. दीड मीटर लांबीची आणि आतून ८ मिलिमीटर व्यासाची नळी धरली, तर तिच्यात सुमारे ७५ मिलिलिटर द्रव मावतो, म्हणजे अर्ध्या कपाहूनही कमी. तो बाहेर पडला तर त्याचा जवळजवळ २० लिटर वायू होतो. हवेत प्रोपेनचे प्रमाण साधारण २.१ टक्के झाले की मिश्रण पेट घेऊ शकते (वरची मर्यादा ९.५ टक्क्यांच्या आसपास आहे), तेव्हा या २० लिटरांतून सुमारे एक घनमीटर हवा ज्वालाग्राही होऊ शकते. हे झाले फक्त नळीपुरते. अजून सिलिंडरला हातही लागलेला नाही. शिवाय प्रोपेनचा वायू हवेपेक्षा दीडपट जड असल्यामुळे तो वर उडून जात नाही, तर जमिनीलगत सरकत उतार धरतो आणि गटारात, तळघरात किंवा दुरुस्तीच्या खड्ड्यात जाऊन बसतो.

म्हणूनच जागेची निवड ही या कामाची पहिली पायरी मानावी. उघडी, वारा खेळता असलेली, सपाट जागा उत्तम. ती मिळणारच नसेल तर निदान हवा वाहती असलेला, खड्डे आणि गटाराची तोंडे जवळ नसलेला भाग निवडावा. हीटर, वेल्डिंग, बॅटरी चार्जिंगची जागा, चालू असलेले दुसरे यंत्र, पेटती सिगारेट यांपैकी काहीही आसपास नको. मोबाइल खिशातून काढून दूर ठेवावा, असे बहुतेक ठिकाणचे नियम सांगतात आणि ते पाळणे सोपेच आहे. फोर्क जमिनीला टेकवावेत, गिअर न्यूट्रलमध्ये आणावा, हँडब्रेक ओढावा. लगेच चावी फिरवून इंजिन बंद करण्याचा मोह मात्र येथे आवरायला हवा.

इंजिन चालू ठेवूनच सिलिंडरचा व्हॉल्व्ह घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवून पूर्ण बंद करायचा असतो. नवशिक्याला हे उलटे वाटते, कारण कोणत्याही यंत्राला हात लावण्याआधी ते बंद करावे असे आपल्याला शिकवलेले असते. पण व्हॉल्व्ह बंद झाल्यावरही इंजिन नळीत उरलेला द्रव ओढत राहते, तो जाळून टाकते आणि मिनिटा-दोन मिनिटांत अडखळत आपोआप बंद पडते. वर ज्याचा हिशेब केला ते २० लिटर अशा रीतीने हवेत न जाता इंजिनातच संपतात. इंजिन बंद पडल्यावर चावी बंद करावी. पेट्रोल आणि गॅस अशा दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या यंत्रात निवडीचा स्विच गॅसवरच आहे ना, हे आधी पाहून घ्यावे. तो पेट्रोलवर असेल तर इंजिन खुशाल चालत राहते आणि नळी भरलेलीच राहते.

नळी रिकामी करण्यामागे आणखी एक कारण आहे आणि ते क्वचितच सांगितले जाते. एका टोकाला सिलिंडरचा बंद व्हॉल्व्ह आणि दुसऱ्या टोकाला, इंजिन थांबताच बंद होणारा इंधनाचा लॉक-ऑफ व्हॉल्व्ह, अशा दोन बंद दारांमध्ये द्रव अडकला आणि यंत्र उन्हात उभे राहिले, तर द्रवाला प्रसरण पावायला जागाच उरत नाही. द्रव प्रोपेन दर १० अंशांना साधारण ३ टक्क्यांनी वाढतो. याच तापमानवाढीत पाणी त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकेही वाढत नाही. वाफेने भरलेल्या जागेत दाब हळूहळू चढतो, पण काठोकाठ द्रव भरलेल्या बंद नळीत तो झपाट्याने चढतो. अशा नळ्यांवर दाब सोडणारा छोटा सुरक्षा व्हॉल्व्ह बसवलेला असतो तो याचसाठी. शिफ्ट संपताना यंत्र चावीने बंद करून निघून जाण्यापेक्षा सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून इंजिन आपोआप थांबू द्यावे, असा आग्रह जाणकार धरतात तोही याच कारणाने. सिलिंडर ८० टक्क्यांच्या आसपासच भरण्याचा नियमही प्रसरणातूनच आला आहे. उरलेली जागा द्रवाला वाढण्यासाठी मोकळी ठेवलेली असते.

आता नळी सोडवायची. त्याआधी हातमोजे आणि डोळ्यांवर गॉगल चढवलेले हवेत. हातमोजे सुती नकोत, कारण सुती कापड द्रव शोषून घेते आणि उणे ४२ अंशांचा ओला बोळा हाताशी धरून ठेवल्यासारखे होते. कातडी किंवा थंडीसाठीच बनवलेले, द्रव आत न शिरू देणारे मोजे घालावेत. उडालेल्या थेंबाने कातडी पांढरी, बधिर पडते, ते भाजणे नसून गोठणे असते. अशा वेळी ती जागा चोळू नये, कोमट पाण्यात धरावी, चिकटलेले कापड ओढून काढू नये आणि डॉक्टरांना दाखवावे.

जोडणीचे आटे कोणत्या दिशेचे आहेत हे आपल्या यंत्रापुरते माहीत करून घ्यावे. हाताने फिरवायच्या मोठ्या दातेरी चकतीच्या जोडणीचे आटे बहुधा सरळ असतात. पान्याने घट्ट करायच्या नटाचे आटे अनेक ठिकाणी मुद्दाम उलटे ठेवलेले असतात. दिशा ठाऊक नसताना जोर लावणारा माणूस सैल करण्याऐवजी आवळत सुटतो आणि शेवटी आटे मारतो. जोडणी पाव-अर्धा फेरा सैल करून थांबावे आणि ऐकावे. फुस्स असा एक छोटा आवाज येऊन विरला, तर नळीत उरलेला दाब निघून गेला असे समजावे. आवाज चालूच राहिला, तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद झालेला नाही किंवा तो आतून गळतो आहे. जोडणी लगेच पुन्हा आवळावी आणि पुढचे काम थांबवावे. या दोन आवाजांतला फरक कानाला एकदा कळला की विसरत नाही, म्हणून शिकाऊ माणसाला हे काम दाखवताना मी आजूबाजूचा गोंगाट आधी थांबवायला सांगतो.

सिलिंडर उतरवण्याविषयी फार सांगण्यासारखे नाही. पट्टे किंवा क्लॅम्प सोडवावेत आणि सिलिंडर दोन्ही हातांनी त्याच्या कड्याला धरून उचलावा; व्हॉल्व्हला धरून कधीही उचलू नये. १५ किलो इंधनाचा पोलादी सिलिंडर भरलेला असताना ३० किलोंच्या आसपास भरतो, आणि तो छातीच्या उंचीवर, यंत्राच्या मागच्या, तोल राखणाऱ्या वजनावरून वाकून ठेवायचा असतो, त्यामुळे कमरेला झटका बसण्याचा धोका आगीइतका भयंकर नसला तरी रोजचा आहे. दोघांनी मिळून उचलावा किंवा यंत्राला बाजूला झुलणारा ब्रॅकेट असेल तर तो वापरावा.

नवा सिलिंडर बसवण्याआधी तो न्याहाळावा. हा सिलिंडर द्रव देणाराच आहे ना, ही पहिली खात्री. वाफ देणारा सिलिंडर वेळ भागवायला म्हणून लावणे चुकीचे आहे. नंतर मोठे पोचे, खोल गंज, वाकलेले कडे, कोरलेली तपासणीची तारीख उलटून गेलेली नाही ना, हे पाहावे. शंकास्पद सिलिंडर वेगळा काढून त्याच्यावर तशी खूण करावी, नाहीतर दुसऱ्या शिफ्टमधला कोणीतरी तोच उचलून लावतो.

आता या कामातली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट. सिलिंडरच्या व्हॉल्व्हभोवतीच्या कड्याला एक भोक असते आणि यंत्राच्या ब्रॅकेटवर एक खुंटी असते. आडवा सिलिंडर हलकेच फिरवत ती खुंटी त्या भोकात बसवायची असते. पुष्कळ जणांना ती खुंटी सिलिंडर घसरू नये म्हणून आहे असे वाटते आणि पट्टे घट्ट आहेत तर खुंटीचे काय एवढे, असे म्हणून ते सिलिंडर जसा बसेल तसा आवळून टाकतात. खुंटीचे खरे काम सिलिंडर कोणत्या अंगावर निजेल हे ठरवण्याचे आहे. आत दोन तोंडे असतात. इंधन घेणाऱ्या नळीचे तोंड वाकवून तळाशी नेलेले असते, म्हणजे शेवटच्या घोटापर्यंत तिला द्रव मिळतो. सुरक्षा व्हॉल्व्हचे तोंड त्याच्या उलट, वरच्या वाफेच्या जागेत उघडते. खुंटी भोकात बसली की दोन्ही तोंडे आपापल्या जागी येतात.

सिलिंडर अर्धा फेरा फिरलेला राहिला, तर दोन्हींची अदलाबदल होते. इंधनाची नळी द्रवाची पातळी थोडी खाली जाताच वाफेत उघडी पडते. तेव्हा सिलिंडरमध्ये बरेच इंधन शिल्लक असूनही यंत्र अडखळते आणि ऑपरेटर तो ‘संपला’ म्हणून काढून टाकतो. पातळी दाखवणारा काटाही अशा स्थितीत खोटे बोलतो. हे झाले नुकसान. धोका दुसऱ्या तोंडाशी आहे. सिलिंडर फार तापून आतला दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे, अनेक सिलिंडरांमध्ये सुमारे २६ बारांपलीकडे, गेला तर सुरक्षा व्हॉल्व्ह उघडून दाब कमी करतो. तो वाफेच्या जागेत असेल तर वाफ सोडतो, आतला द्रव थोडा उकळतो, त्या उकळण्याने थंडावा येतो आणि दाब उतरतो. तोच व्हॉल्व्ह द्रवाखाली बुडालेला असेल तर द्रवाची धार बाहेर फेकतो. प्रत्येक लिटरमागे २७० लिटर वायू, आणि आतला दाब उतरवण्याचे काम मात्र तितक्या परिणामकारकपणे होत नाही. माझ्या मते सिलिंडर बदलून झाल्यावर पर्यवेक्षकाला एकच गोष्ट तपासायला वेळ असेल, तर त्याने खुंटीवर बोट ठेवून पाहावे. बसवणाऱ्याने खुंटी भोकात बसल्यावरच पट्टे आवळावेत आणि सिलिंडर हाताने हलवून पाहावा. तो यंत्रासकट हलला पाहिजे, यंत्रावर हलता कामा नये.

नळी जोडण्याआधी जोडणीच्या आतल्या रबरी रिंगकडे टॉर्चच्या उजेडात पाहावे. ही करंगळीत बसेल एवढी ओ-रिंग चिरलेली, चपटलेली किंवा जागेवरून गायब असेल तर बाकी सारे बरोबर असूनही गळती होणारच. रिंग गळाली म्हणून जोडणी पान्याने आणखी आवळणे हा सर्वत्र दिसणारा आणि सर्वत्र चुकीचा उपाय आहे: हाताने फिरवायची चकती हाताच्या जोरासाठीच घडवलेली असते, पान्याच्या जोराने रिंग चिरडते आणि पुढच्या वेळी ती जोडणी पान्याशिवाय सुटतही नाही. रिंग बदलावी, आट्यांवरची धूळ पुसावी, पहिले दोन-तीन फेरे आटे सरळ धरतात की नाही हे बोटांना जाणवू द्यावे आणि मग हाताने घट्ट करावे. पान्याने आवळायचा नट असेल तर योग्य मापाचा पाना आणि बेताचा जोर.

व्हॉल्व्ह उघडताना घाई नको, असे सगळेच सांगतात. का, हे फार थोडे सांगतात. सिलिंडरच्या व्हॉल्व्हमध्ये स्प्रिंगवर बसलेली एक लहानशी यंत्रणा असते. नळी अचानक तुटली आणि द्रव जोरात धावू लागला, तर त्या लोंढ्याच्या रेट्यानेच ती खट्‌कन बंद होते आणि गळती बरीचशी रोखते. पण तुटलेली नळी आणि रिकामी नळी यांतला फरक तिला कळत नाही. व्हॉल्व्ह एका झटक्यात उघडला की द्रव रिकाम्या नळीत तशाच जोराने धावतो आणि यंत्रणा बंद होते. मग ऑपरेटर चावी फिरवत बसतो, इंजिन दोन-चार आचके देऊन गप्प होते, बॅटरीवर संशय जातो, आणि मेकॅनिकला हाक मारली जाते. उपाय साधा आहे. व्हॉल्व्ह पूर्ण बंद करावा, काही सेकंद थांबावे, दोन्ही बाजूंचा दाब समान झाला की स्प्रिंग यंत्रणेला मागे ढकलते आणि बारीक टक् असा आवाज कधी कधी ऐकूही येतो. मग व्हॉल्व्ह अगदी थोडा उघडून नळी हळूहळू भरू द्यावी आणि त्यानंतरच तो पूर्ण उघडावा. अर्धवट उघडा ठेवू नये. इंजिनाला ओझ्याखाली इंधन कमी पडते.

नळी भरली, पण इंजिन अजून चालू करायचे नाही. आधी गळती तपासायची. इंधनाला मिसळलेल्या एथिल मरकॅप्टनचा उग्र वास गळती सांगतो खरा, परंतु नाक थोड्याच वेळात त्या वासाला सरावते आणि सर्दी झालेल्या माणसाला तो मुळातच कळत नाही, म्हणून केवळ नाकावर विसंबू नये. साबणाचे पाणी ब्रशने किंवा फवारणीने जोडणीवर, व्हॉल्व्हच्या दांड्याच्या बुडाशी आणि नळीच्या दोन्ही टोकांना लावावे. फुगणारे, वाढत जाणारे बुडबुडे म्हणजे गळती. जोडणीवर पांढरे हिम जमू लागले असेल तर तेथून द्रव निसटून उकळतो आहे, आणि ही गळती लहान समजू नये. काडीच्या ज्योतीने गळती शोधण्याविषयी वेगळे लिहायची गरज पडू नये, पण पडते: ते कधीही करू नये.

गळती सापडली तर व्हॉल्व्ह बंद करावा आणि आसपासच्या लोकांना दूर करावे. यंत्र चालू करून ते बाहेर नेण्याचा विचार अशा वेळी हमखास सुचतो. स्टार्टरची ठिणगी त्याच हवेत पडणार असल्यामुळे तो टाळावा. दिव्याचे बटण किंवा पंखाही चालू वा बंद करू नये, दारे उघडावीत. व्हॉल्व्ह बंद करूनही गळती थांबत नसेल, किंवा ती पेटलेली असेल, तर अग्निशमन दलाला बोलवावे आणि दूर जावे. पेटलेल्या वायूचा प्रवाह बंद करता येत नसेल तर नुसती ज्वाळा विझवू नये. जळणारा वायू निदान दिसतो, विझवल्यावर तोच न दिसता साचत जातो आणि दुसऱ्या ठिणगीची वाट पाहतो.

गळती नसेल तर इंजिन चालू करावे, ते मिनिटभर रिकामे चालू द्यावे, आणि जोडणीवर एकदा पुन्हा नजर टाकावी.

उतरवून ठेवलेला सिलिंडर राहिला. तो रिकामा म्हणवत असला तरी रिकामा नसतो: द्रव संपला तरी आत वाफ असते, आणि तळाशी जरासा द्रव उरलेला असेल तर दाबही जवळपास भरलेल्या सिलिंडरइतकाच असतो, कारण दाब द्रवाच्या उंचीवर ठरत नाही, तापमानावर ठरतो. म्हणून त्याचा व्हॉल्व्ह बंद आहे ना हे पुन्हा पाहावे, तोंडाला टोपी किंवा प्लग असेल तर तो लावावा आणि सिलिंडर इमारतीबाहेरच्या जाळीच्या पिंजऱ्यात, भरलेल्यांपासून वेगळा ठेवावा. पिंजऱ्यात तो उभा ठेवला की सुरक्षा व्हॉल्व्ह आपोआप वाफेच्या बाजूला राहतो. आडवा ठेवायचाच असेल, तर कड्यावरचे ते भोक यंत्रावर जसे होते त्याच बाजूला येईल असा ठेवावा.